समईची भिंत, खिडकीची भिंत

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. आम्ही चिपळूणला राहतो. यंदा जुनं घर दुरुस्त केलं, हॉल मोठा केला. मुलाने हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून इंद्रवज्राचा फोटो काढला आहे. तो २४ बाय ३६ इंचांत हॉलमध्ये लावायचा आहे. देवघराला लागून असलेल्या भिंतीवर सासऱ्यांचा जुना कृष्णधवल फोटो आहे. तोही काढून याच्यासारखाच नवा, मोठा करून घ्यावा असं ह्यांचं म्हणणं. प्रिंटवाल्याने मेटल किंवा अ‍ॅक्रिलिक सुचवलं. फरक विचारला तर म्हणाला, ‘दोन्ही सेमच, अ‍ॅक्रिलिक जरा रिच वाटतं.’ हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे आणि मुलाच्या फोटोची भिंत बरोबर तिच्या समोर. सासऱ्यांच्या फोटोखाली समई असते, रोज हार-गंध होतं. काय घ्यावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ‘सेमच’ म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजा आणि दुसरा प्रिंटवाला शोधा. तुमच्या पत्रात खिडकी कुठे आहे आणि समई कुठे आहे हे तुम्ही न विचारता लिहिलंत, त्याने ते विचारायला हवं होतं.

माझ्या वडिलांचं कोल्हापुरात तसबिरी मढवायचं दुकान. अंबाबाई, जोतिबा, दत्त, आणि घरोघरचे आजोबा. मी त्याच दुकानात आता अ‍ॅल्युमिनियमवर फोटो उतरवते, अ‍ॅक्रिलिकला फोटो चिकटवते, आणि अजून तसबिरीही मढवते. त्यामुळे मला यातलं काही विकायची घाई नाही, तिन्ही माझ्याच गल्ल्यात पडतं.

आधी खिडकीची भिंत. माझ्या बहिणीने सांगलीला फ्लॅट घेतला तेव्हा मी हौसेने रंकाळ्याचा संध्याकाळचा मोठा फोटो अ‍ॅक्रिलिकमध्ये करून दिला. दुकानात काय दिसत होता! पाण्याला खोली आली होती. तिच्या हॉलमध्ये टांगला आणि दुपारी चारला पाहिलं तर रंकाळ्यात खिडकीचं ग्रिल, ग्रिलवर वाळत घातलेला टॉवेल आणि सोफ्यावर बसलेले भावोजी. फोटो सोडून सगळं दिसत होतं. सहा महिन्यांनी तो बेडरूममध्ये गेला. तिथे समोर खिडकी नाही आणि आता तो खरंच सुंदर दिसतो. चूक फोटोची नव्हती, माझीच होती.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी एकच गोष्ट करायला सांगते. दुपारी चारला आणि रात्री ट्यूबलाइट लावल्यावर, अशा दोन वेळा, मोबाइल बंद करून त्याचा काळा पडदा भिंतीवर फोटोच्या जागी धरा आणि तुम्ही रोज जिथे बसता तिथून दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. त्या पडद्यात जे दिसेल ते अ‍ॅक्रिलिकमध्ये दिसणार. खिडकी दिसली तर अ‍ॅक्रिलिक विसरा. चकचकीत मेटलही विसरा, कारण आरसेपणात ते फार मागे नाही. मग उरतं सॅटिन (अर्धवट चमकीचं) किंवा मॅट (बिनचमकीचं) मेटल. तुमच्या भिंतीला माझ्या मते सॅटिन. पूर्ण मॅटवर चकाकी सगळ्यात कमी असते, पण गडद काळा जरा राखाडी होतो.

आता या दोन वस्तू बनतात कशा, ते थोडं सांगते, कारण निवडीचा अर्धा भाग त्यातच आहे. मेटलचा फोटो म्हणजे पत्र्यावर छापलेला फोटो नव्हे. आधी चित्र उलटं, आरशात दिसतं तसं, एका खास कागदावर छापायचं. लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर तो कागद पालथा घालायचा आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली दाबायचा. देवापुढचा कापूर जसा न वितळता हवेत उडून जातो, तशी त्या शाईची थेट वाफ होते आणि लेपात शिरते. म्हणून त्याला सब्लिमेशन म्हणतात. रंग वर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, काही होत नाही.

अ‍ॅक्रिलिकचं तसं नाही. तिथे फोटो आणि तुमचे डोळे यांच्यात तीन ते आठ मिलिमीटरचा पारदर्शक थर असतो. फोटो चांगल्या कागदावर छापून पारदर्शक चिकटीने त्या थराच्या पाठीला लावायचा, ही चांगली पद्धत. दुसरी स्वस्त आणि झटपट : अ‍ॅक्रिलिकच्या पाठीवरच यूव्ही शाईने (अतिनील दिव्याखाली लगेच वाळणाऱ्या) उलटं छापायचं आणि मागून पांढऱ्या शाईचा थर द्यायचा. पांढरा थर पातळ पडला की भिंतीचा रंग फोटोत डोकावतो, ते मी गुलाबी भिंतीवर पाहिलं आहे. नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीला लाली आली होती. अ‍ॅक्रिलिकमधून रंग जास्त खोल दिसतात हे मात्र खोटं नाही. कागदाला सिलिकोनने अ‍ॅक्रिलिकमागे चिकटवायची डायासेक नावाची पद्धत स्वित्झर्लंडमध्ये १९६९ साली आली, आणि आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचा ‘ऱ्हाइन २’ हा असाच अ‍ॅक्रिलिकमागे लावलेला फोटो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेला. पण कलादालनात फोटोसमोर खिडकी नसते आणि दिवे कुठे लावायचे हे फोटो बघून ठरवतात. आपण ट्यूबलाइट बघून फोटो लावतो.

तुमच्या मुलाच्या फोटोकडे येते. इंद्रवज्र म्हणजे पाठीमागे सकाळचं ऊन, खाली दरीत ढग, आणि ढगावर आपल्याच सावलीभोवती उमटलेलं गोल रंगकडं. म्हणजे फोटोचा मोठा भाग पांढरा आणि करडा, आणि त्यात रंग अगदी फिके. इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. मेटलचे दोन प्रकार मिळतात : पांढऱ्या लेपाचं आणि पारदर्शक लेपाचं. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते. फोटोत जिथे पांढरं, तिथे शाईच पडत नाही, आणि खालचं जे असेल ते दिसतं. पारदर्शक लेपाखाली घासलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. जुनी मोटारसायकल, पावसातलं रेल्वे स्टेशन, तांब्या-पितळेची भांडी अशा फोटोंना ते झकास शोभतं. पण त्यावर तुमचे ढग डब्याच्या पत्र्यासारखे दिसतील आणि ते नाजूक कडं हरवेल. ऑर्डर देताना ‘पांढरा बेस, सॅटिन’ हे शब्द लिहून द्या, तोंडी सांगू नका.

दुसरी फसगत बाजारातली. ‘मेटल प्रिंट’ मागितला की बरेच जण एसीपी शीटवर व्हिनाइलचा स्टिकर लावून देतात. एसीपी म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात तेच, दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये प्लास्टिक. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही. सरळ राहतं, वाकत नाही, आणि मी स्वतः मोठ्या फोटोंना मागून आधार म्हणून वापरते. पण मेटलचे पैसे घेऊन स्टिकर देणं ही लबाडी. कड बघा. सँडविचसारखे तीन थर दिसले तर एसीपी. कोपऱ्यावर नख फिरवा, कडेला पापुद्रा लागला तर स्टिकर. आमच्याकडे एक आजोबा लोहचुंबक खिशात घालून आले होते. बरोबर केलं त्यांनी, अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर तो लोखंडी पत्रा, आणि कोकणात त्याचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

वजनाचा हिशेब भिंतीसाठी करावा लागतो. २४ बाय ३६ चा पाच मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक जवळजवळ सव्वातीन किलो भरतो, आणि सव्वा-एक मिलिमीटरच्या आतला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मागच्या पट्ट्या सोडून पावणेदोन किलोच्या आसपास. तुमचं घर जुनं आहे म्हणता, म्हणजे भिंत चिऱ्याची, जांभ्या दगडाची असण्याचा संभव आहे. जांभ्यात ड्रिल मारलं की भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं आणि स्क्रू धरणारा प्लास्टिकचा फिशर नुसता फिरत राहतो. लांब स्क्रू, लांब फिशर, आणि भोक दगडाच्या मध्यावर, सांध्यावर नको. हल्ली चार कोपऱ्यांना भोकं पाडून स्टीलच्या गुंड्यांवर फोटो बसवतात. मला ते आवडत नाही. ऑफिसच्या बोर्डासारखं दिसतं, आणि अ‍ॅक्रिलिक उन्हाने फुगतं : तीन फुटांच्या शीटला वीस अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटर. भोक घट्ट असेल तर तिथूनच तडा जातो. मागे पट्ट्यांची चौकट लावून घ्या, फोटो भिंतीपासून बोटभर पुढे तरंगतो आणि पावसाळ्यात मागून हवा खेळते.

मेटलचा एक दोषही सांगून ठेवते. पत्र्याचा कोपरा. पडला आणि मुडपला की तो सरळ होत नाही, आणि उघड्या कोपऱ्याला धार असते. नातवंडांच्या डोक्याच्या उंचीवर लावू नका. आणि पश्चिमेचं ऊन रोज थेट फोटोवर पडत असेल तर मेटल काय, अ‍ॅक्रिलिक काय, रंग उतरणारच. दुपारचा पडदा ओढायची सवय लावा.

आता समईची भिंत. इथे माझं उत्तर तुमच्या ह्यांना आवडणार नाही. सासऱ्यांचा फोटो मेटलवर नको आणि अ‍ॅक्रिलिकवर तर मुळीच नको. अ‍ॅक्रिलिक हे शेवटी प्लास्टिक आहे. शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पेटलं तर जळतं. त्याच्याखाली ज्योत ठेवायची नाही, विषय संपला. शिवाय ते काचेपेक्षा खूप मऊ. रोज सकाळी वाळलेलं गंध ओल्या फडक्याने पुसायचं म्हणजे चंदनाचे कण आणि फडकं मिळून पॉलिश पेपरच झाला. वर्षभरात बरोबर कपाळाच्या जागी धुरकट वर्तुळ पडतं. एका घरून असा फोटो माझ्याकडे परत आला, तो मीच करून दिलेला. आजींना मी काय सांगणार, गंध लावू नका म्हणून? मी तो काचेत मढवून दिला, पैसे घेतले नाहीत.

मेटलवर गंध पुसलं जाईल, पण त्या फोटोचं मेटल करायचं कशाला? जुना फोटो मऊ असतो, त्याची करडी छटा कागदावरच नीट उतरते. पत्र्यावर चेहरा एकदम आजच्या जाहिरातीतला दिसायला लागतो. काचेची तसबीरच करा. फक्त जुन्या पद्धतीत एक चूक होती, ती टाळा. आपल्याकडे फोटो थेट काचेला टेकवून मढवायचे. कोकणातल्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल धरतो आणि काचेला चिकटतो, मग बुरशीचे ठिपके येतात. काच आणि फोटो यांच्यात माउंटची खिडकी, म्हणजे मधोमध कापलेल्या जाड पुठ्ठ्याची चौकट, ठेवायला सांगा, म्हणजे दोघांत पोकळी राहते. मागे आम्लरहित बोर्ड. आणि तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, ती भिंतीला चिकटून बसायला नको.

तसबीर उघडल्यावर जुना फोटो काचेला चिकटलेला निघाला तर ओढू नका. ओढलात तर चेहराच काचेवर राहील. काचेसकट स्कॅन करून घ्या, ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) खाली नको, आणि मूळ फोटो काचेसकट तसाच जपून ठेवा. गंध-हार होईल तो नव्या प्रिंटवर. समई फोटोपासून हातभर पुढे ओढली तर काजळीही कमी धरेल.

दोन्ही एकसारखे दिसायला हवेत हा हट्ट सोडा. कोकणकडा हॉलमध्ये, सासरे देवघरापाशी. एका नजरेत दोन्ही दिसत तरी नसतील.

प्रश्न : मुलीच्या लग्नातला एक फोटो मला खूप आवडतो, पण माझ्याकडे तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. त्याचा तीन फुटी अ‍ॅक्रिलिक होईल का? दुकानदार म्हणतो होईल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल. चांगला होणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला बहुधा १६०० पिक्सेलचा उरतो. तो ३६ इंचांवर ताणला तर इंचाला ४४ पिक्सेल येतात, आणि मला निदान दीडशे लागतात. म्हणजे त्या फाइलमधून धड निघेल तो दहा-अकरा इंचांचा फोटो. अ‍ॅक्रिलिक तर अशा फाइलची चहाडी करतं. कागदावर जी कमतरता झाकली जाते ती त्या काचेसारख्या थरामागे उघडी पडते, शालूची जर म्हणजे नुसते चौकोन दिसतात.

लग्नाच्या फोटोग्राफरला फोन करा. चोवीस मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याची मूळ फाइलसुद्धा ६००० बाय ४००० असते, तीन फुटांना इंचाला १६६ पिक्सेल, पुरेसं आहे. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती दाबली जात नाही. फोटो कुणी मोबाइलवर काढला असेल तर त्या माणसाच्या मोबाइलमध्ये मूळ फाइल असेलच. बारा मेगापिक्सेलचा मोबाइल तीन फुटांना इंचाला एकशे बारा पिक्सेल देतो. लांबून बघायच्या भिंतीवर मेटलवर चालवून घेईन, अ‍ॅक्रिलिकवर नाही. आणि मोबाइलचा फोटो ४ : ३ असतो, म्हणून त्याला २४ बाय ३२ चा आकार सांगा. २४ बाय ३६ सांगितलंत तर वरून किंवा खालून कापावं लागेल, आणि लग्नाच्या ग्रुप फोटोत कापायला नेमकी कुणाची तरी मामी सापडते.

प्रश्न : मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. त्यांच्या नव्या घरासाठी इथे अ‍ॅक्रिलिक फोटो करून बॅगेतून नेला तर? तिकडे म्हणे फार महाग.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नेऊ नका. दोन फुटांच्या वरची शीट बॅगेत मावत नाही, वेगळी पार्सल केली तर कोपरा फुटायची भीती, आणि तेवीस किलोच्या बॅगेत तीन-चार किलोंची जागा चकल्या-भाजणीसाठी ठेवा. मूळ फाइल पाठवा, प्रिंट तिकडे होऊ दे. फोटो इथूनच न्यायचा असा हट्ट असेल तर कागदावर छापून नळीत गुंडाळून न्या, मढवायचं काम तिकडचा फ्रेमवाला करेल. ८ बाय १० चा छोटा मेटल प्रिंट मात्र साड्यांच्या घडीत सुखाने जातो.

प्रश्न : अ‍ॅक्रिलिक फोटो काच पुसायच्या निळ्या स्प्रेने पुसला. आता तिरप्या उजेडात बारीक भेगांची जाळी दिसते. जाईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जाणार नाही. काचेच्या अशा बऱ्याच स्प्रेमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असतं, आणि त्याने अ‍ॅक्रिलिकला अशी जाळी पडते. पॉलिशने वरवरचे ओरखडे कमी होतात, ही जाळी आतली असते. फोटो अशा जागी हलवा जिथे त्यावर बाजूने उजेड पडत नाही, बरीच झाकली जाईल.

पुढच्या वेळी आधी मऊ ब्रशने किंवा नुसत्या फुंकरीने धूळ उडवा. अ‍ॅक्रिलिक घासलं की त्यात विजेचा भार येतो आणि ते उलट जास्त धूळ ओढतं, म्हणून कोरड्या फडक्याने कधीच घासायचं नाही. मग पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मायक्रोफायबरचं फडकं पिळून घ्या आणि हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा. पदराने नाही. मी स्वतः एकदा गिऱ्हाइकासमोर ओढणीने पुसला होता, ओढणीला आरसे लावलेले होते.